आधी जडत्व, मग गुरुत्वाकर्षण: सात प्रयोग, योग्य क्रमाने

"जड आणि हलकी वस्तू एकाच वेळी जमिनीवर पडते" हे वाक्य बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असते. का, असे विचारले की उत्तर येते, "कारण पृथ्वी सगळ्यांना सारख्याच बलाने ओढते." हे उत्तर साफ चूक आहे. १ किलोच्या वस्तूला पृथ्वी अर्ध्या किलोच्या वस्तूच्या दुप्पट बलाने ओढते, आणि तरीही दोन्ही बरोबर पडतात.

चूक होते ती क्रमात. सहसा वस्तू खाली टाकण्याचे प्रयोग आधी होतात आणि जडत्व शेवटी, एका व्याख्येपुरते येते. खालचा क्रम उलटा आहे. पहिल्या तीन टप्प्यांत फक्त जडत्व, त्यानंतर गुरुत्वाकर्षण. चौथ्या टप्प्याचे स्पष्टीकरण दुसऱ्या टप्प्यावर उभे आहे, त्यामुळे मधले काही गाळू नका.

## तयारी

सगळे सामान आधी गोळा करा:

- रुंद तोंडाचा एक पेला
- गुळगुळीत पुठ्ठ्याचा ८ × ८ सेंटिमीटरचा चौकोन (खेळायचा पत्ताही चालतो)
- एकाच मापाची चार-पाच नाणी
- १ लिटरच्या, अगदी सारख्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या आणि अर्ध्या लिटरची एक, झाकणांसह
- शिवणाचा सुती दोरा आणि वेगळी, न ताणली जाणारी बारीक दोरी
- एकाच मापाचे तीन मोठे लोखंडी नट
- ३० सेंटिमीटरची पट्टी, मोजपट्टी, एक पेन्सिल
- स्टॉपवॉच आणि स्लो मोशन चित्रण असलेला मोबाइल
- जाड उशी किंवा गादी, एक बादली
- थोडी जाड दोरी, दोन सपाट लाकडी तुकडे

तराजू लागत नाही. १ लिटर पाण्याचे वस्तुमान १ किलो, एवढे पुरते. बाटलीचे स्वतःचे २५-३० ग्रॅम इथे सोडून दिले तरी चालतात.

प्रत्येक टप्प्याआधी वहीत आपला अंदाज एका ओळीत लिहा. प्रयोग पाहून झाल्यावर "मला हेच वाटले होते" असे प्रत्येकाला वाटते, म्हणून ही खबरदारी.

## टप्पा १: पुठ्ठा, नाणे आणि पेला

१. पेल्यावर पुठ्ठा ठेवा आणि त्याच्या बरोबर मध्यभागी नाणे.
२. पुठ्ठ्याच्या कडेला नखाने आडवी, जोरात टिचकी मारा. पुठ्ठा उडून जातो, नाणे पेल्यात पडते.
३. आता तोच पुठ्ठा बोटाने सावकाश ओढा. नाणे पुठ्ठ्याबरोबर निघून येते.

तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरा प्रश्न तिथेच आहे. नाणे तेच, पुठ्ठा तोच, मग फरक कशाचा? वेळेचा. पुठ्ठा सरकताना घर्षणामुळे नाण्याला थोडा पुढे ओढतोच. टिचकी मारल्यावर पुठ्ठा नाण्याखाली सेकंदाचा विसावा भागच असतो. तेवढ्या वेळात नाणे जेमतेम ३-४ मिलिमीटर सरकते, आणि पुढे आधारच नाही म्हटल्यावर पेल्यात पडते. सावकाश ओढताना घर्षणाला हवा तेवढा वेळ मिळतो.

नेहमीच्या चुका. टिचकी खालून वर मारली तर पुठ्ठा तिरका होऊन नाण्याला उडवतो. पुठ्ठा खरखरीत असेल तर घर्षण वाढते. पेला अरुंद असेल तर ते ३-४ मिलिमीटरही भारी पडतात आणि नाणे काठावर आपटून बाहेर जाते.

सावधान: "जडत्वाच्या बलाने नाणे जागेवर राहिले" असे लिहू नका. जडत्व हे बल नाही. जडत्व नाण्याला ओढत नाही, ढकलत नाही की धरूनही ठेवत नाही. वस्तू आहे त्या अवस्थेत, म्हणजे थांबलेली असेल तर थांबलेली आणि चालत असेल तर त्याच वेगाने, त्याच दिशेने सरळ राहते. ती अवस्था बदलायला बल लागते. किती बल लागेल, हे वस्तुमानावर ठरते. पुढचा टप्पा त्याचाच.

## टप्पा २: टांगलेल्या दोन बाटल्या

१. १ लिटरची एक बाटली काठोकाठ भरा आणि झाकण घट्ट लावा. दुसरी रिकामी ठेवा, झाकण लावून.
२. दोन्ही बाटल्या मानेला दोरी बांधून एकाच उंचीवरून टांगा. दोरीची लांबी किमान १ मीटर हवी.
३. बाटल्या पूर्ण स्थिर होऊ द्या.
४. डोळे मिटून एका बोटाने आधी एक, मग दुसरी बाटली आडवी ढकला. फक्त ५ सेंटिमीटरपर्यंतच.
५. आता दोन्ही बाटल्यांना झोका द्या आणि तळव्याने थांबवून पाहा.

भरलेली बाटली हलवायला जास्त जोर लागतो हे कोणीही आधीच सांगेल. "कारण ती जड आहे" हे कारण मात्र अपुरे आहे. बाटलीचे वजन दोरीने पेलले आहे. तुमच्या बोटावर त्याचा भार जवळजवळ नाही. बोटाला जाणवतो तो वस्तुमानाचा हट्ट, म्हणजे जडत्व. थांबवतानाही तोच हट्ट जाणवतो, आणि पाचवी पायरी त्यासाठीच आहे. जडत्व म्हणजे हलायला केलेला आळस अशी समजूत असते. चालत्या वस्तूला थांबायचाही तेवढाच आळस असतो.

बाटल्या टेबलावर ठेवून का ढकलायच्या नाहीत? तिथे घर्षण मध्ये येते, आणि वजन वाढले की घर्षणही वाढते. मग बोटाला जाणवलेले घर्षण की जडत्व, ते सांगता येत नाही. ५ सेंटिमीटरची मर्यादा याच जातीची आहे: बाटली फार लांब ढकलली की दोरी तिरकी होते आणि गुरुत्वाकर्षण तिला परत मध्याकडे आणू लागते.

नेहमीची चूक. बाटली पाऊण भरणे. आतले पाणी हिंदकळते आणि धक्का एकदा जास्त, एकदा कमी जाणवतो.

पडताळा: हाच प्रयोग चंद्रावर केला तर? तिथे गुरुत्वाकर्षण आपल्या साधारण एक षष्ठांश आहे. भरलेल्या बाटलीच्या दोरीवर ९.८ न्यूटनऐवजी (न्यूटन हे बल मोजायचे एकक) सुमारे १.६ न्यूटन ताण येईल. पण बाटली आडवी हलवायला इथे लागला तेवढाच जोर लागेल. दोरीवर येतो तो ताण वजनाचा, बोटाला होतो तो विरोध वस्तुमानाचा. हे वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगता आले नाही, तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: वरचा दोरा तुटेल की खालचा?

१. अर्ध्या लिटरची बाटली पाण्याने भरून शिवणाच्या एकेरी दोऱ्याने टांगा.
२. दोऱ्याचे दुसरे टोक बाटलीखाली लोंबेल अशी सोय करा. त्यासाठी बाटलीभोवती जाड दोरीचा चौफेर पट्टा बांधा, आणि वरचा व खालचा दोरा त्या पट्ट्याला बांधा.
३. खाली उशी ठेवा. पाय बाजूला घ्या, चेहरा लांब ठेवा.
४. खालचा दोरा पेन्सिलीला गुंडाळून हळूहळू, जोर वाढवत ओढा. वरचा दोरा तुटतो.
५. वर नवा दोरा बांधा आणि या वेळी खाली एकदम झटका द्या. खालचा दोरा तुटतो.

सावकाश ओढताना वरच्या दोऱ्यावर तुमचा ओढा आणि बाटलीचे सुमारे ५ न्यूटन वजन असे दोन्ही येतात. खालच्यावर फक्त तुमचा ओढा, म्हणून वरचा आधी हार मानतो. झटक्यात मात्र वरच्या दोऱ्यावरचा ताण वाढायचा तर बाटली आधी थोडी खाली सरकायला हवी, तरच दोरा ताणला जाईल. जडत्वामुळे तिला सरकायला वेळ लागतो आणि तेवढ्यात खालचा दोरा तुटून मोकळा होतो.

पडताळा: बाटली टांगून एक मिनिट थांबा. दोरा आपोआप तुटला तर थोडे पाणी कमी करा. हाताने ओढून तुटतच नसेल तर दोरा फार मजबूत आहे.

सावधान: दोरा बोटाला गुंडाळू नका. नायलॉनची तार तर वापरूच नका, ती बोट कापते.

## टप्पा ४: जड आणि हलके, एकाच वेळी

आता गुरुत्वाकर्षण.

१. १ लिटरची एक बाटली पूर्ण भरा, दुसरी अर्धी. दोन्हींना झाकण लावा.
२. जमिनीवर गादी पसरा.
३. दोन्ही बाटल्यांचे तळ जमिनीपासून १.५ मीटरवर येतील अशा धरा. उंची मोजपट्टीने तपासा.
४. एकाच वेळी सोडा. दुसऱ्याने मोबाइल गादीजवळ, जमिनीच्या पातळीला ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण करावे.
५. किमान पाच वेळा करा. दर वेळी बाटल्यांचे हात बदला.

या प्रयोगात चूक बाटल्यांची नसते, बोटांची असते. १.५ मीटर पडायला सुमारे ०.५५ सेकंद लागतो. एक हात सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा सुटला, तर पहिली बाटली गादीवर टेकते तेव्हा दुसरी अजून २६ सेंटिमीटर वर असते. मग पाहणारा आनंदाने म्हणतो, "बघा, जड आधी पडली!" हात बदलण्याची सूचना त्यासाठीच आहे. "आधी पडण्याचा" मान कधी जड बाटलीला, कधी हलकीला मिळू लागला की समजावे, फरक सोडण्यात आहे.

सावधान: भरलेली विरुद्ध पूर्ण रिकामी बाटली अशी जोडी घेऊ नका. रिकामी बाटली मोठी पण फार हलकी असते, त्यामुळे हवेचा विरोध तिच्या वजनाच्या मानाने मोठा ठरतो आणि ती खरोखरच मागे पडते. मापे सारखी आणि दोन्ही पुरेशा जड, अशीच जोडी हवी.

हवेचे काम वेगळे दाखवायचे असेल तर दोन सारखे कागद घ्या, एक सपाट, दुसरा घट्ट चुरगळून गोळा केलेला. वस्तुमान तेच, तरी गोळा कितीतरी आधी पडतो. इथे फरक पाडला तो आकाराने, म्हणजे हवेने. चंद्रावर हवाच नाही. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी तिथे हातोडा आणि पीस एकदम सोडले, आणि दोन्ही बरोबर टेकले.

आता "का". वहीत दोन ओळी लिहा:

- पूर्ण बाटली: वस्तुमान १ किलो, पृथ्वीचा ओढा ९.८ न्यूटन
- अर्धी बाटली: वस्तुमान ०.५ किलो, पृथ्वीचा ओढा ४.९ न्यूटन

दुप्पट ओढा आहे खरा, पण हलवायची वस्तूही दुप्पट हट्टी आहे. ९.८ भागिले १ आणि ४.९ भागिले ०.५, दोन्हीकडे उत्तर ९.८. म्हणजे हवेचा विरोध सोडला तर प्रत्येक सेकंदाला वेग सेकंदाला ९.८ मीटरने वाढतो, वस्तू कोणतीही असो. यालाच गुरुत्व त्वरण म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात बोटाला जाणवलेला हट्ट इथे भागाकाराच्या खाली बसला आहे. तो टप्पा गाळला तर हा भागाकार नुसता आकड्यांचा खेळ वाटतो.

## टप्पा ५: एक नाणे सरळ खाली, एक पुढे

१. पट्टी टेबलाच्या कडेवर अशी ठेवा की तिचे ८-१० सेंटिमीटर टोक बाहेर येईल.
२. एक नाणे त्या बाहेरच्या टोकावर ठेवा. दुसरे टेबलावर, कडेजवळ, पट्टीला चिकटून.
३. पट्टीचे आतले टोक एका बोटाने दाबून धरा आणि बाहेरचे टोक टेबलावरच्या नाण्याच्या दिशेने झटक्यात फिरवा.

टेबलावरचे नाणे पुढे फेकले जाते. टोकावरच्या नाण्याखालून पट्टी निघून जाते आणि ते जवळजवळ सरळ खाली येते; टप्पा १ मधला पुठ्ठाच हा. नाणी पाहू नका, आवाज ऐका. ७५ सेंटिमीटर उंचीच्या टेबलावरून दोन्हींना सुमारे ०.४ सेकंद लागतो आणि "टक्" एकदाच ऐकू येतो. आडवा वेग खाली पडणे लांबवत नाही. जमीन समतल हवी आणि तिच्यावर सतरंजी नको, नाहीतर आवाज विरतो.

## टप्पा ६: लंबकाने गुरुत्व त्वरण मोजणे

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यावर होतात, आणि गंमत अशी की चुकीच्या उत्तरावरूनच चूक कोणती ते ओळखता येते.

१. न ताणली जाणाऱ्या दोरीला एक नट बांधा. दुसरे टोक दोन सपाट लाकडी तुकड्यांच्या मध्ये आवळून घट्ट बसवा. खिळ्याला सैल फास नको. फास सरकतो आणि लंबकाची लांबी झोक्यागणिक बदलते.
२. टांगल्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर १०० सेंटिमीटर मोजा. नट टांगलेला असतानाच मोजा, टेबलावर ठेवून नाही.
३. नटाच्या मागे, तो स्थिर असताना जिथे आहे तिथे, भिंतीवर किंवा कागदावर उभी रेघ मारा.
४. नट १० ते १५ सेंटिमीटर बाजूला घ्या आणि धक्का न देता नुसता सोडा.
५. दोन-तीन झोके जाऊ द्या. नट डावीकडून उजवीकडे रेघ ओलांडेल तेव्हा "शून्य" म्हणा आणि घड्याळ सुरू करा. पुन्हा डावीकडून उजवीकडे ओलांडेल तेव्हा "एक".
६. "वीस" म्हणताच थांबवा. वेळ २० ने भागा. हा दोलनकाल.
७. तीनदा करा आणि सरासरी घ्या.

गणित: ३९.५ ला लांबीने (मीटरमध्ये) गुणा आणि दोलनकालाच्या वर्गाने भागा. ३९.५ म्हणजे पाय (π) या संख्येच्या वर्गाची चौपट.

टोकाला न मोजता मध्यावर का मोजायचे? टोकाला नट क्षणभर रेंगाळतो, "आता पोचला" हा क्षण नेमका पकडता येत नाही. मध्यावर तो सर्वांत वेगाने जातो. आणि वीस झोके अशासाठी की घड्याळ दाबण्यातली ०.२ सेकंदाची चूक वीस भागांत वाटली जाते.

तुमच्या वेळा साधारण अशा यायला हव्यात:

- १०० सेंटिमीटर: २० दोलनांना ४०.१ सेकंद
- ५० सेंटिमीटर: २८.४ सेकंद
- २५ सेंटिमीटर: २०.१ सेकंद

लांबी चौथा हिस्सा केली तर वेळ निम्मा होतो, चौथा हिस्सा नाही. वहीतला अंदाज इथे बहुतेकांचा चुकतो.

उत्तर चुकले तर (१०० सेंटिमीटरच्या लंबकासाठी)

*१०.९ च्या आसपास:* मोजणी "शून्य" ऐवजी "एक"ने सुरू झाली. झोके झाले एकोणीस, भागले वीसने.

*३९ च्या आसपास:* रेघ ओलांडली की दर वेळी एक मोजला. जाऊन-येऊन मिळून एक दोलन.

*९.६ च्या आसपास:* लांबी नटाच्या वरच्या कडेपर्यंतच धरली, दीड-दोन सेंटिमीटर सुटले.

*८.५ च्या आसपास:* झोका फार मोठा, जवळजवळ ६० अंशांचा. आपले सूत्र लहान झोक्यापुरतेच आहे. १ मीटर लांबीला १७ सेंटिमीटर बाजूला नेले म्हणजे १० अंश झाले. त्यापुढे जाऊ नका.

९.७ ते १० मध्ये काहीही आले तर काम उत्तम झाले. बरोबर ९.८० आले तर आनंद जरूर माना, पण पुन्हा एकदा मोजा.

शेवटी तीन नट लावून तोच प्रयोग करा. वेळ बदलायला नको: ओढा तिप्पट, हट्टही तिप्पट. तरी बऱ्याच जणांची वेळ वाढते. कारण ते नट एकाखाली एक माळेसारखे बांधतात, त्यामुळे वस्तुमानाचा मध्य खाली सरकतो आणि लंबक नकळत लांब होतो. तिन्ही नट एकाच गाठीत जवळजवळ बांधा आणि झुबक्याच्या मध्यापर्यंत लांबी पुन्हा १०० सेंटिमीटर करा.

## टप्पा ७: भोक पाडलेली बाटली

"अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून अंतराळवीर तरंगतात" ही समजूत या टप्प्यावर काढून टाकायची आहे.

१. अर्ध्या लिटरच्या बाटलीला तळापासून ३ सेंटिमीटरवर ३-४ मिलिमीटरचे भोक पाडा. हे काम मोठ्यांनी करावे.
२. भोकावर बोट ठेवून बाटली भरा. झाकण काढलेलेच राहू द्या.
३. शक्य तेवढ्या उंचावर, बादलीच्या बरोबर वर धरा आणि बोट काढा. धार सुरू होते.
४. बाटली सोडा. पडताना धार थांबते. डोळ्यांनी नीट दिसत नाही, स्लो मोशनमध्ये पाहा.
५. मोकळ्या जागेत बाटली हलकेच वर फेकून पाहा. वर जातानाही, हातातून सुटल्या क्षणापासून, धार बंद असते.

हातात असताना बाटली अडकलेली असते आणि वरचे पाणी खालच्या पाण्यावर भार टाकते, म्हणून धार येते. सोडल्यावर बाटली आणि पाणी दोघांचाही वेग दर सेकंदाला सारखाच, सेकंदाला ९.८ मीटरने बदलतो. कोणी कोणावर टेकत नाही, दाब उरत नाही. गुरुत्वाकर्षण कुठेही गेलेले नाही. त्याच्यामुळेच बाटली पडते आहे.

नेहमीची चूक. झाकण लावून ठेवणे. मग हातात असतानाच धार बंद पडते आणि प्रयोगात काही उरत नाही.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे. तिथे गुरुत्व त्वरण सुमारे ८.७ आहे, जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के. स्थानक पाचव्या टप्प्यातल्या फेकलेल्या नाण्यासारखे सतत पडत असते. फक्त त्याचा आडवा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर आहे, त्यामुळे ते जेवढे खाली येते तेवढी पृथ्वीची पाठही खाली वळलेली असते. आतला अंतराळवीर त्याच्याबरोबरच पडतो, म्हणून त्याचे पाय कशावर टेकत नाहीत.

शेवटचा पडताळा: वही मिटून सांगा. स्थानकात तरंगणारी, पाण्याने भरलेली १ लिटरची बाटली बोटाने ढकलली, तर ती रिकाम्या बाटलीइतकी सहज हलेल का? "हो, तिथे वजनच नाही" असे उत्तर आले तर दुसऱ्या टप्प्यावर परत जा आणि बाटल्या पुन्हा टांगा.